नवा ड्रम सेट : जोडलेला घ्यावा की खोक्यातला?

प्रश्न : माझी मुलगी वर्षभरापासून ड्रम शिकत आहे आणि आता तिच्यासाठी पहिला नवा सेट घ्यावयाचा आहे. विक्रेत्याने दोन पर्याय दिले आहेत. एक म्हणजे दुकानात मांडून ठेवलेला, पूर्ण जोडलेला सेट, आणि दुसरा म्हणजे त्याच मॉडेलचा खोक्यातला सेट, जो घरी आपणच जोडावयाचा. आमच्या घरी हे काम पूर्वी कोणीही केलेले नाही. जोडणीत चूक झाल्यास वाद्य बिघडेल काय? जोडलेला सेट घेणेच शहाणपणाचे ठरेल काय?

उत्तर : माझे मत आधीच सांगतो : ऐकावा मांडलेला, घ्यावा खोक्यातला.

ड्रम सेटची जोडणी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्रत्येक ड्रमच्या शेलवर, म्हणजे लाकडी नळकांड्यावर, दोन्ही बाजूंनी हेड, म्हणजे ताणावयाचा पातळ पडदा, बसवून त्यावर रिम, म्हणजे हेड दाबून धरणारी गोल चौकट, चढवतात आणि सभोवतालचे रॉड, म्हणजे हेड ताणणारे लांब स्क्रू, आवळतात. दुसऱ्या टप्प्यात बेस ड्रम (पायाने वाजवावयाचा मोठा ड्रम), टॉम (तारा नसलेले लहान-मध्यम ड्रम), स्नेअर (खालच्या हेडला तारा लावलेला ड्रम), हाय-हॅट (पायाने मिटणारी सिंबलची जोडी), सिंबलचे, म्हणजे धातूच्या झांजांचे, स्टँड आणि पेडल वादकाच्या उंचीप्रमाणे मांडतात. यातील दुसरा टप्पा दुकानात कितीही नीटनेटका झालेला असला, तरी सेट वाहनात घालताना तो मोडावाच लागतो आणि घरी आल्यावर पुन्हा करावा लागतो. त्यामुळे जोडलेल्या सेटबरोबर प्रत्यक्षात आपल्या पदरात पडते ते केवळ पहिल्या टप्प्याचे काम, आणि नेमके हेच काम आपल्या मुलीला पुढे वारंवार करावे लागणार आहे, कारण वाजवून वाजवून हेड्स झिजतात आणि बदलावी लागतात. वाचणारा वेळ एखाद्या दुपारचा. त्यासाठी खोक्यातल्या सेटचा मुख्य फायदा सोडणे मला पटत नाही.

तो फायदा असा, की हेड चढण्यापूर्वी शेल उघडे पाहावयास मिळते. ड्रमच्या आवाजाचा बराचसा भार शेलच्या ज्या कडेवर हेड टेकते त्या कडेवर असतो. ती कड एका पातळीत नसेल, तर रॉड कितीही कौशल्याने आवळले तरी ड्रम सुरात राहत नाही, आणि एकदा हेड व रिम चढल्या की हा दोष डोळ्यांना दिसत नाही. तपासणी सोपी आहे. खोलीत अंधार करून शेल जाड, सपाट काचेवर किंवा गुळगुळीत दगडी पृष्ठभागावर उभे ठेवावे, आत पेटती विजेरी ठेवावी आणि कडेखालून उजेड कोठे झिरपतो ते पाहावे. मग शेल थोडे फिरवून पुन्हा पाहावे : उजेडाची फट शेलबरोबर सरकली तर दोष शेलमध्ये आहे, ती जागच्या जागी राहिली तर पृष्ठभागच सपाट नाही. केसाएवढ्या फटीने काही बिघडत नाही. पत्त्याचे पान सहज सरकेल इतकी फट असेल, तर ते शेल बदलून मागावे. येथे एक अपवाद लक्षात ठेवावा. स्नेअरच्या खालच्या कडेला समोरासमोर दोन उथळ खोलगट जागा मुद्दाम केलेल्या असतात, कारण खालच्या हेडला तारा नीट चिकटून राहाव्यात यासाठी त्या आवश्यक असतात. त्यांना दोष समजून स्नेअर परत पाठवू नये. त्याच वेळी प्रत्येक शेलचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजून घ्यावा. त्यात काही मिलिमीटरचा फरक आढळला, तर शेल वाटोळे राहिलेले नाही आणि त्यावर हेड अडकत बसेल.

मात्र सर्व ड्रम पूर्ण सुटे मिळतील असे समजू नये. पुष्कळ सेटमध्ये स्नेअर आणि लहान टॉम हेड्ससह येतात, तर बेस ड्रम उघडा असतो व जागा वाचवण्यासाठी लहान ड्रम मोठ्यांच्या पोटात ठेवलेले असतात. अशा तयार ड्रमचीही हेड्स एकदा उतरवून कडा पाहाव्यात.

आपला मुख्य प्रश्न बिघाडाचा होता. जोडणीतील बहुतेक चुका सुधारता येतात. न सुधारणाऱ्या चुका मोजक्याच आहेत. रॉड तिरका घुसवून जोर लावला तर आटे कायमचे खराब होतात, म्हणून प्रत्येक रॉड आधी बोटांनी फिरवावा, ड्रमची चावी, म्हणजे रॉड फिरवण्याचे हत्यार, नंतर घ्यावी आणि विजेवर चालणारा पेचकस या कामाला लावूच नये. स्नेअरचे खालचे हेड वरच्यापेक्षा फारच पातळ असते. ते चुकून वर बसवून त्यावर काठी मारली तर ते फाटेल. सिंबल स्टँडवर करकचून आवळू नये, तसेच त्याच्या भोकात प्लॅस्टिकची नळी व खाली-वर नमद्याच्या चकत्या असल्याशिवाय ते चढवू नये. मोकळेपणाने डोलू न शकणारे सिंबल तडकण्याचा धोका असतो, आणि तडकलेल्या सिंबलवर उपाय नाही.

रॉड आवळण्याचा क्रम मोटारीच्या चाकाच्या नटांसारखाच असतो : एक आवळला की त्याच्या समोरचा, मग पुढची जोडी, आणि प्रत्येक वेळी अर्ध्या फेऱ्याहून अधिक नाही. नवे हेड ताणताना कडकड असा आवाज आला तर घाबरू नये. बहुधा हेडच्या धातूच्या कड्यातील गोंद मोकळा होत असतो.

खोके उघडण्यापूर्वी, किंबहुना पैसे देण्यापूर्वी, त्यात काय काय आहे हे लेखी विचारून घ्यावे. काही सेटमध्ये केवळ ड्रमच असतात. सिंबल्स, स्टँड, पेडल आणि बसावयाचे स्टूल वेगळे घ्यावे लागते, आणि पहिल्यांदा खरेदी करणाऱ्यांची सर्वांत मोठी निराशा येथेच होते. मुलीची उंची कमी असेल तर 22 इंचांऐवजी 20 किंवा 18 इंचांचा बेस ड्रम पाहावा, म्हणजे त्यावरचे टॉम तिच्या हाताच्या टप्प्यात येतील.

मांडलेला सेट घेणे अगदीच चूक आहे असे नाही. किमतीत लक्षणीय सूट असेल आणि विक्रेता सर्व वरची हेड्स नवी बसवून देत असेल, तर विचार जरूर करावा. मात्र तो सेट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वाजवलेला असतो हे गृहीत धरून सिंबलच्या कडा बोटाने चाचपाव्यात आणि उन्हाकडच्या बाजूला बाहेरील आवरण फिकटले आहे काय ते पाहावे. विक्रेता घरी येऊन जोडून देत असेल, तर ती मदत घ्यावीच, पण चावी मुलीच्या हातात द्यावी आणि त्या माणसाने केवळ सांगावे.

प्रश्न : नवा सेट आम्ही घरीच जोडला. पहिल्या दिवशी तो बरा वाजला, पण आठवड्याभरात टॉम बेसूर घुमू लागले. सेट सदोष आहे काय?

उत्तर : बहुधा नाही. नवी हेड्स पहिल्या काही दिवसांत ताणली जातात आणि सर्व रॉडवरचा ताण सारखा राहत नाही. ड्रमच्या मध्यावर एक बोट हलके टेकवून प्रत्येक रॉडजवळ, कडेपासून साधारण एक इंच आत, काठीने टकटक करावी आणि जेथे स्वर उतरला असेल तेथे थोडे आवळावे. खालचे हेडही याच पद्धतीने पाहावे, कारण बहुतेक जण तेच विसरतात. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिस्टरची हेड्स प्रचारात येईपर्यंत वासराच्या कातड्याची हेड्स वापरीत आणि ती हवेतील ओलाव्याबरोबर सैल-घट्ट होत. त्या मानाने आजची तक्रार किरकोळ म्हणावी लागेल. आवाज दाबण्यासाठी हेडवर चिकटपट्टी लावण्याचा मोह स्वर मिळेपर्यंत आवरावा. दोन-तीनदा मिळवूनही एकच ड्रम हट्टाने बेसूर राहिला, तर त्याचे हेड उतरवून वर सांगितलेली विजेरीची तपासणी करावी.

प्रश्न : सेटची रिकामी खोकी किती दिवस ठेवावीत?

उत्तर : परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत संपेपर्यंत सर्व, आतील फोमसह. त्यानंतर बेस ड्रमचे मोठे खोके तेवढे घडी घालून ठेवावे. घर बदलताना इतर ड्रम कशातही मावतात, बेस ड्रम मावत नाही.