लसावि काढताना

सप्रेम आशीर्वाद.

लसाविच्या (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांनी पूर्ण भाग जाईल अशी सर्वांत लहान संख्या) उदाहरणांची वहीची पानं पाहिली. प्रत्येक उदाहरणाला तू उभी मांडणी केली आहेस, डावीकडे भाजक आणि खाली भागाकार, अगदी १५ आणि ६० लासुद्धा! ६० ला १५ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे लसावि ६० च. तसंच ८ आणि ९ चं. दोघांत १ सोडून सामाईक विभाजक नाही, मग थेट गुणाकार, ७२. सगळ्यात चांगली पद्धत कोणती, असं विचारलंस. ते समोरच्या संख्या ठरवतात. म्हणून मांडणी सुरू करण्याआधी त्यांच्याकडे जरा निरखून बघ.

संख्या लहान असतील तर मोठीचा पाढा म्हणत जा आणि प्रत्येक वेळी धाकटीने भाग जातो का ते पाहा. १२ आणि १८ असतील तर १८ ला १२ ने जात नाही, ३६ ला जातो, झालं. दोन्ही पाढे शेजारी लिहून जुळणी शोधत बसू नकोस, त्यात नुसता वेळ जातो.

मूळ अवयवांची पद्धत मला सगळ्यात आवडते, कारण उत्तर तेच का येतं हे तिथे दिसतं. ८४, ९० आणि १२० घे.

८४ = २ × २ × ३ × ७
९० = २ × ३ × ३ × ५
१२० = २ × २ × २ × ३ × ५

१२० ला २ तीनदा लागतो. ते तीन २ घेतले की बाकी दोघांची गरज त्यातच भागते. ३ सर्वांत जास्त वेळा ९० मध्ये आहे, दोनदा. ५ आणि ७ एकेकदा. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. प्रत्येक मूळ अवयव जिथे सर्वांत जास्त वेळा आलाय तिथून उचलायचा, एवढंच.

आता तुझं फसलेलं उदाहरण: १२, १८ आणि ४. तू ६ ने भागलंस, खाली २, ३, ४ आले. मग २ ने भागून १, ३, २. गुणाकार ६ × २ × ३ × २ = ७२. खरं उत्तर ३६. चुकलं कुठे? ४ ला ६ ने भाग जात नाही म्हणून तो तसाच खाली उतरला, पण ६ मध्ये दडलेला २ त्याच्याही कामाचा होता. तो तुझ्या हिशेबात जास्तीचा धरला गेला. तीन किंवा जास्त संख्या असतील तेव्हा डावीकडे मूळ संख्याच घे. दोनच असतील आणि दोघींना भाग जात असेल, तर ६ ने भाग की १२ ने, बिघडत नाही.

अशी चूक पकडता येते. आलेल्या उत्तराला दिलेल्या संख्यांनी भाग. ७२ ला भागल्यावर ६, ४, १८ येतात आणि तिघांनाही २ ने भाग जातो. म्हणजे उत्तर दुप्पट झालंय. ३६ ला भागलं तर ३, २, ९, आणि त्यांत १ शिवाय सामाईक काही नाही. ही पडताळणी मी कधीच टाळत नाही.

अवयव सापडत नसतील, जसे २२१ आणि २९९, तर युक्लिडच्या रीतीने, म्हणजे आधीच्या भाजकाला बाकीने भागत जाऊन, मसावि (महत्तम सामाईक विभाजक) काढ. २९९ ला २२१ ने भागून बाकी ७८, २२१ ला ७८ ने भागून ६५, मग १३, आणि ६५ ला १३ ने पूर्ण भाग. मसावि १३. दोन संख्यांच्या गुणाकाराला मसाविने भागलं की लसावि येतो. आता आधी भाग, मग गुण: २२१ ÷ १३ = १७, १७ × २९९ = ५०८३. पण हे सूत्र दोनच संख्यांचं. ४, ६, १० ला लावलंस तर १२० येईल, लसावि मात्र ६० आहे. तिथे आधी दोघांचा लसावि काढ, मग त्याचा तिसरीबरोबर.

योगायोग असा की ८४, ९० आणि १२० चा आलेला २५२० हा १ ते १० या सगळ्या संख्यांचाही लसावि आहे. तिथून पुढे जा. ११ आला की ११ ने गुण, १२ ला काही नवं लागत नाही, १३ ने गुण, १४ आणि १५ फुकट, १६ साठी आणखी एक २. झाले ७२०७२०. पुढचे २० पर्यंतचे तू कर आणि मला उत्तर कळव. ते नऊ अंकी येईल.