कार्बन तारा : जवळचा की दूरचा?

प्रश्न : जांबोटीजवळच्या आमच्या गावी थंडीत आभाळ काळेभोर असते. मित्राच्या दुर्बिणीतून मृगाच्या पायाखाली निखाऱ्यासारखा एक तारा पाहिला; तो कार्बन तारा असल्याचे त्याने सांगितले. असेच मंद तारे आकाशगंगेच्या बाहेरच्या प्रभामंडळातही शोधतात म्हणे. ते ओळखतात कसे, आणि ते खरोखर दूर आहेत हे कशावरून ठरते?
— एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव

उत्तर : आपण पाहिलेला तारा बहुधा शशक तारकासमूहातील, 1845 मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ हाइंड यांनी नोंदवलेला ‘आर लेपोरिस’ असावा. आपल्या भागातून तो क्षितिजापासून जवळजवळ 60 अंश वर चढतो. लंडनहून जेमतेम 24 अंश.

ज्याच्या वातावरणात ऑक्सिजनपेक्षा कार्बन अधिक, तो कार्बन तारा. असे झाले, की ऑक्सिजन जवळपास सगळा कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतो आणि उरलेल्या कार्बनचे दोन-दोन अणू जोडीने राहतात. या जोड्यांमुळे वर्णपटात गडद पट्टे उमटतात. प्रत्येक पट्टा लाल बाजूला कडा तुटल्यासारखा एकदम सुरू होतो आणि निळ्या बाजूकडे हळूहळू विरत जातो. गॅसच्या शेगडीच्या ज्योतीतला हिरवट-निळा प्रकाश बराचसा याच रेणूचा. तिथे तो प्रकाश देतो, ताऱ्यात शोषतो. खूण इतकी ठळक, की साध्या वर्णपटातही ओळख पटते.

खरी अडचण अंतराची आहे. सव्वातीन लाख प्रकाशवर्षांवरचा राक्षसी, म्हणजे फुगलेला आणि अतितेजस्वी, कार्बन तारा आपल्याला साधारण 17 प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याहून सुमारे 25,000 पट फिका दिसतो. पण हजारभर प्रकाशवर्षांच्या आतला कार्बन बटूही, म्हणजे छोटा, मुळातच मंद कार्बन ताराही, तेवढाच फिका दिसू शकतो. हे बटू स्वतः कार्बन बनवत नाहीत. आता श्वेत बटू, म्हणजे विझत चाललेला ताऱ्याचा गाभा, झालेल्या जोडीदार ताऱ्याने तो पूर्वी त्यांच्यावर ओतलेला असतो. असा पहिला बटू, जी 77-61, 1977 मध्ये ओळखला गेला, तेव्हा तो अपवाद वाटला होता. पुढच्या सर्वेक्षणांत बटूच मोठ्या संख्येने हाती लागले, म्हणून केवळ मंदपणावरून दूरचा ठरवणे मला धोक्याचे वाटते. निवाडा होतो तो निजगतीवर : जवळचा तारा काही वर्षांत पार्श्वभूमीच्या ताऱ्यांमधून सरकलेला मोजता येतो, दूरचा जवळपास जागचा हलत नाही. 2013 मध्ये सोडलेल्या गाया यानामुळे ही मोजणी अतिशय अचूक झाली.

एवढा खटाटोप कशासाठी, तर प्रभामंडळातील, म्हणजे आकाशगंगेच्या तबकडीभोवतीच्या विरळ गोलाकार भागातील, मूळचे तारे फार जुने असतात आणि तेजस्वी कार्बन राक्षस त्यांच्यात सहसा घडत नाहीत. तिथे असा तारा सापडला, तर तो बहुधा आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेतून आलेला असतो. धनू राशीच्या दिशेची अशी बटू दीर्घिका 1994 मध्ये सापडली, आणि 2001 मध्ये दूरचे कार्बन तारे मांडून पाहिले, तेव्हा तिच्यातून ओढल्या गेलेल्या ताऱ्यांचा, साऱ्या आकाशाला वेढणारा पट्टा नकाशावर दिसला.