चालताना छातीत धडधडतं, म्हणून चालणं सोडावं का?

साठी ओलांडलेल्या बायका हा प्रश्न हमखास विचारतात. ६६ वर्षांच्या एका ताईंनी तर धसका घेऊन दोन महिने चालणंच बंद केलं होतं. चालताना मनगटावरचं घड्याळ १२८ ठोक्यांना वाजलं, त्या होत्या तिथेच बाकावर बसल्या आणि बसताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी आली. "हृदय थकलंय माझं, आता त्याला दमवायचं नाही," एवढंच त्या सांगत होत्या.

पहिलं काम तपासणीचं. धडधडीमागे रक्त कमी असणं, थायरॉइड वाढणं किंवा ठोक्यांची लय बिघडणं असू शकतं. त्यामुळे ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तदाब बघून डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच पुढचं बोलणं झालं.

हृदयाची स्वतःची चाल मिनिटाला साधारण १०० ठोक्यांची असते. बसल्या जागी ती सत्तर-ऐंशीवर असते, कारण मेंदूकडून येणारी व्हेगस नस लगाम खेचून धरते. चालायला लागलं की लगाम सैल होतो, थांबलं की पुन्हा आवळला जातो. वाढत्या वयात ही पकड ढिली होते, आणि पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा आधारही कमी झालेला असतो. नियमित व्यायामाने ही पकड सुधारू शकते. म्हणून ठोके वर किती गेले यापेक्षा थांबल्यावर ते किती लवकर खाली आले, हे बघायचं.

हे शब्दांनी पटत नाही. ताईंना तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवायला सांगितलं. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. तिसऱ्या श्वासाला त्या थबकल्या. "बाहेर सोडताना नाडी मंद होतेय की!" वयानुसार हा फरक पुसट होतो, काहींना बोटाला कळतही नाही, त्यांना कळला, आणि चेहऱ्यावरची भीती तिथेच निम्मी झाली.

मग चूक शोधली. त्या घरातून बाहेर पडल्या की पहिल्या पावलापासून झपाझप चालत. स्त्रियांसाठी वापरलं जाणारं एक गणित आहे: २०६ मधून वयाची ०.८८ पट वजा करायची. त्यांच्यासाठी कमाल आकडा आला सुमारे १४८. मध्यम व्यायाम म्हणजे त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ९५ ते ११२. १२८ म्हणजे सरळ जोरकस व्यायाम, तोही अंग गरम न करता. आणि अंधारी आली ती एकदम थांबल्यामुळे. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात; पाय अचानक थांबले की रक्त खाली साचतं आणि दाब घसरतो.

नवा क्रम असा ठरला: १० मिनिटं रमतगमत, १० मिनिटं भरभर, ७ मिनिटं पुन्हा हळू, आठवड्यात ५ दिवस. भरभरचा वेळ दर आठवड्याला फक्त २ मिनिटांनी वाढवायचा. वेग असा, की पूर्ण वाक्य बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. बीटा ब्लॉकरची गोळी घेणाऱ्यांनी तर आकडे सोडून हीच खूण धरावी, कारण ती गोळी ठोके दाबून ठेवते. घड्याळाचा पट्टा सैल असेल तर कधीकधी ते पावलंच ठोके म्हणून मोजतं; शंका आली की बोटांनी ३० सेकंद मोजून दुप्पट करावी. लय अडखळत असेल तर पूर्ण मिनिट मोजावं आणि डॉक्टरांना सांगावं.

पाचव्या आठवड्यात गाडी घसरली. तापामुळे आठ दिवस बुडाले आणि ताईंनी भरपाई म्हणून दुप्पट चालून घेतलं. पुन्हा धडधड, पुन्हा रडू. तापात व्यायाम करायचाच नाही आणि खंडानंतर दोन आठवडे मागे जाऊन सुरुवात करायची, हे तेव्हा वहीत लाल शाईने लिहिलं गेलं. त्याखाली दुसरी यादी: छातीवर दडपण, जबडा किंवा पाठीत दुखणं, अचानक घाम, मळमळ, शुद्ध हरपल्यासारखं वाटणं. यातलं काहीही झालं तर थांबायचं आणि तातडीची मदत बोलवायची. हृदयविकाराच्या झटक्यात बायकांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता असह्य थकवा किंवा दमसुद्धा येऊ शकतो, म्हणून हे घरच्यांनाही वाचायला लावलं.

आठव्या आठवड्यापासून आठवड्यातले दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचे १० फेरे आले. उठताना त्या श्वास रोखत. त्याने रक्तदाब उसळतो. उठताना श्वास सोडायचा, एवढाच बदल पुरला.

बाराव्या आठवड्यातली वहीतली नोंद: सकाळी उठल्यावर ७८, पूर्वी ८४. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला १०८. वेग उतरवल्यावर पहिल्या मिनिटात १८ ठोके कमी, सुरुवातीला ११ व्हायचे. खाली ताईंनी स्वतःच लिहिलं होतं: "आज घड्याळ बघायचं राहूनच गेलं, परत आल्यावर आठवलं. आकडे बोटांनी मोजलेत."