जिऑलॉजी शिकणाऱ्या मुलीने प्रवाळांकडे वळावं का?

ताई, तुमची लेक जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला प्रवाळांवर काम करायचंय आणि घरचे म्हणतात, ते प्राणिशास्त्रवाल्यांचं काम. गोव्यात दोनापावलाला सागरी भूशास्त्रात माझी वीसेक वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रवाळ जिवंत असतात ते फक्त वरच्या पातळ थरात, खाली सगळा चुनखडक. तो एवढा जाड कसा साचला, हा प्रश्न भूशास्त्राचाच. ज्वालामुखीचं बेट खचत जातं, प्रवाळ वर चढत राहतात आणि शेवटी नुसतं प्रवाळांचं कंकण उरतं, असं डार्विनने १८४२ मध्ये मांडलं होतं. खात्री करायची तर खोल भोक पाडायला हवं. हॅरी लॅड या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने आधी फिजीची बेटं पालथी घातली होती. १९४७ मध्ये त्याच्या चमूने पॅसिफिकमधल्या बिकिनी या कंकणाकृती बेटावर ७७० मीटरच्या पुढे खोदलं, तरी चुनखडकच! १९५२ मध्ये तिकडच्याच एनिवेटोक बेटावर, सुमारे १,४०० मीटरवर, अखेर बेसाल्ट लागला. आपल्या सह्याद्रीत असतो तसलाच, लाव्हापासून झालेला काळा पाषाण; म्हणजे खाली खरंच ज्वालामुखी होता. डार्विननंतर तब्बल ११० वर्षांनी. मला आजही हे आठवलं की अंगावर काटा येतो.

पोराइट्स नावाच्या प्रवाळाची पातळ चकती करवतीवर कापून एक्स-रे काढला की झाडाच्या खोडासारखे फिकट-गडद पट्टे दिसतात. एक जोडी म्हणजे एक वर्ष, साधारण सेंटीमीटरभर. लक्षद्वीपच्या अशा चकत्यांवरून जुन्या पावसाळ्यांचा, पाण्याच्या तापमानाचा माग काढता येतो. उथळ पाण्यातच वाढणारे प्रवाळ आज खोल सापडले, तर समुद्र तेव्हा किती खाली होता ते कळतं. २०,००० वर्षांपूर्वी तो सुमारे १२० मीटर खाली होता, हे बार्बाडोसच्या अशाच प्रवाळांनी पक्कं केलं.

आता तिने काय करावं? चुनखडकाचे काचेवर चिकटवलेले पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली रोज बघावेत, रेडिओकार्बन आणि युरेनियम-थोरियम कालमापन, म्हणजे प्रवाळाचं वय काढायच्या पद्धती, नीट शिकावं. पोहता येत नसेल तर आधी ते. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंडपाशी थोडे प्रवाळ आहेत, पाऊस संपून पाणी निवळलं की एकदा प्रत्यक्ष बघू दे. एम.एस्सी. ताळगावच्या विद्यापीठात होईल, घर सोडावं लागणार नाही.

पगाराचं मात्र स्पष्ट सांगतो: कायमच्या जागा मोजक्याच, बरीच वर्षं प्रकल्पावर काढावी लागतात. ही तयारी घरच्यांची आहे का, ते तिच्यासमोरच बसून बोला.