वाचक विचारतात : पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं चर्च

प्रश्न : क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा पेशव्यांनी दिली, हे खरं का? आम्ही ख्रिस्ती नाही. आत गेलो तर काय पाहावं?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : अगदी खरं. सवाई माधवरावांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक शिपाई होते. त्यांचा अधिकारी दों मिगेल द नोरोन्या याने प्रार्थनेसाठी जागा मागितली, पेशव्यांनी ती दिली आणि १७९२च्या नाताळात तिथे पहिली मिस्सा, म्हणजे आमची मुख्य सामूहिक उपासना, झाली. तेव्हाचं प्रार्थनाघर साधं, मातीचं होतं. आजची इमारत १८५२ची. पुण्यात चर्च इंग्रजांनी आणलं असं लोक सरसकट बोलतात, ते मला फार लागतं. पुण्यातलं हे पहिलं चर्च उभं राहिलं तेव्हा शनिवारवाड्यावर भगवाच होता.

आता आतलं. कोणत्याही जुन्या कॅथलिक चर्चमध्ये आधी वेदी, म्हणजे जिच्यावर मिस्सा होते ते मेज, पाहा. भिंतीला टेकलेली उंच वेदी आणि तिच्यापुढे वेगळं मेज दिसलं, तर दोन काळ समोरासमोर आहेत असं समजा. मी लहानपणी वेदीसेवक होतो. फादर आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणायचे, आणि आम्ही पोरं ‘एत कुम स्पिरितु तुओ’ अशी उत्तरं अर्थ न कळता घडाघडा द्यायचो. कॅथलिक धर्मगुरूंची व्हॅटिकनची दुसरी महासभा (१९६२ ते ६५) झाली, मेज पुढे आलं, फादर लोकांकडे वळले आणि मिस्सा मराठीत ऐकू आली. माझ्या आजीला आयुष्यात पहिल्यांदाच सगळं समजलं. त्या मेजाकडे मी आजही त्याच नजरेने पाहतो.

वेदीजवळ कुलूपबंद पवित्र कोष असतो. त्याच्यापाशी दिवा तेवत असेल तर आत ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, आहे. तिथे आम्ही गुडघा टेकतो. भिंतींवरची १४ चित्रं म्हणजे क्रूसाची वाट, येशूच्या शेवटच्या दुःखाचे प्रसंग. वेदीवरचं कापड जांभळं असेल तर ईस्टरआधीचा उपवासकाळ किंवा नाताळपूर्व काळ, पांढरं असेल तर सण, आणि हिरवं असेल तर एरवीचे दिवस.

मिस्सा चालू असताना आत फिरू नका. इतर वेळी जरूर या, चपला काढायची गरज नाही. फोटो काढायचे असतील तर आधी चर्चच्या ऑफिसात विचारा.