अर्ध्या बादलीत मोटरसायकल धुता येते, आधी कोरडं फडकं बंद करा

तुम्ही लिहिलंय की लातुरात भाड्याच्या खोलीत राहता, नळ आठवड्यातून एकदा येतो आणि घरमालक गाडीसाठी एका बादलीच्या वर पाणी देत नाहीत. म्हणून रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसता, तरी टाकीवर बारीक गोल चरे दिसायला लागलेत. भाऊ, ते चरे त्या पुसण्यानंच पडलेत. (घरमालकांवर रागावू नका. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आहे आपलं.)

आपल्याकडच्या धुळीत बारीक वाळू असते. तिच्यावर कोरडं फडकं फिरवलं की रंगावर पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. तेव्हा रोज फक्त सीट आणि आरसे पुसा. बाकी गाडी धुळकट राहिली तर तिचं काही बिघडत नाही. धुळीवर कव्हरही टाकू नका, वाऱ्यानं ते हलतं आणि तेच घासत बसतं.

धुताना पाण्याचं खरं काम धूळ भिजवून सुटी करणं. त्याला पाइपची धार लागत नाही. कृषी सेवा केंद्रात किंवा नर्सरीत दोन लिटरचा हातपंप मिळतो, कुंड्यांवर फवारतात तो. नवाच घ्या, तणनाशक मारलेला जुना नको.

गाडी सावलीत आणि इंजिन पूर्ण गार हवं. आधी एक थेंबही पाणी न लावता रंगाचा दोन इंची ब्रश घ्या आणि इंजिनच्या फिन्समधली (बाहेरच्या पात्यांसारख्या कडांमधली) माती झाडून काढा. तिथे माती साचली की इंजिन नीट गार होत नाही, म्हणून चमकण्याआधी हे काम. मडगार्डखालची काळी मातीही वाळलेली असतानाच लाकडी पट्टीनं खरवडा, पापुद्रे पटापट सुटतात. तीच ओली केली की लोण्यासारखी चिकटते आणि मग अख्खी बादलीसुद्धा पुरत नाही.

मग वरून खाली फवारा मारा. दोन-तीन मिनिटं भिजू द्या आणि परत मारा. टाकीवरून मातकट ओघळ उतरताना दिसतील. ते थांबले की मगच मायक्रोफायबरचं फडकं शाम्पूच्या पाण्यात बुडवा. हात हलका, पुसणं एका दिशेनं, गोल गोल अजिबात नाही. फडक्याची चौपदरी घडी करा आणि दर भागाला नवी बाजू वापरा. मळलं की आधी वेगळ्या डब्यातल्या साध्या पाण्यात खळबळून पिळा, तेव्हाच परत शाम्पूत. शाम्पू गाडीचाच आणा, कपड्यांची पावडर रंगावरचं वॅक्स उतरवते. शेवटी परत फवारा मारून शाम्पू उतरवा. फवाऱ्याला पाचेक लिटर, शाम्पूला दोन, खळबळायला दोन, एवढ्यात टाकी ते साईड पॅनल होतं. उरलेलं गढूळ पाणी आणि जुनं फडकं चाकांना.

पाणी बोअरचं असेल तर लगेच कोरडं करा, नाहीतर क्षाराचे पांढरे ठिपके उमटतात. शेवटच्या फवाऱ्याला एसीच्या नळीचं पाणी मिळालं तर उत्तम, कारण ते हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. ऑफिसच्या एसीखाली डबा ठेवून बघा. आरओचं वाया जाणारं पाणी उलट जास्त क्षाराचं, ते टाकीला लावू नका.

चेन उघडी असेल तर तिला पाणी लागतच नाही. फडक्यावर चेन क्लीनर घेऊन पुसा, मग 90 नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब सोडा. इंजिन बंद, मागचं चाक हातानं फिरवत. इंजिन चालू ठेवून हे करताना लोकांची बोटं गेली आहेत. ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर तारेचा ब्रश लावू नका. ब्रेकच्या डिस्कवर तेलाचा किंवा पॉलिशचा थेंब पडू देऊ नका.

वॉशिंग सेंटरला जावं का, असंही विचारलंय. माझ्या मते नको. जवळून मारलेली जोराची धार चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवते आणि ग्रीस जातं. या पद्धतीनं पंधरा दिवसांतून एकदा धुतली तरी उन्हाळ्यात पुरे. पक्ष्यांची विष्ठा मात्र त्याच दिवशी काढा, ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून, मग उचलून. आणि धुतल्यावर गल्लीत हळू चालवत दोन्ही ब्रेक चार-सहा वेळा दाबा, ओला ब्रेक पहिल्या दाबाला नीट धरत नाही.