सहलीत मीच एकटी का धास्तावलेली असते?

“सगळे मजेत असतात आणि मी पाण्याकडे डोळे लावून बसते. माझ्यामुळे सगळ्यांच्या सुट्टीचा विचका होतो.” सुट्ट्या जवळ आल्या की थोड्याफार फरकाने हे समुपदेशनाच्या कामात मला बऱ्याच आयांकडून ऐकायला मिळतं. त्यांतल्याच एका आईचा आणि तिच्या नवऱ्याचा हा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून.

दोन भावांची कुटुंबं तलावाकाठच्या साध्याशा लाकडी केबिनमध्ये राहायला गेली होती. मोबाइलला रेंज नाही, दारापासून चार पावलांवर पाणी. या आईची धाकटी मुलगी चार वर्षांची. आई सारखी तिला हाका मारायची, उठून बघून यायची. नवरा वैतागला, “अगं, आम्ही सगळे आहोत ना इथे!” शेवटी भांडण झालं आणि मंडळी ठरल्याआधीच परतली.

मी तिला शांत राहायला शिकवावं, ही नवऱ्याची अपेक्षा. मी त्यालाच विचारलं, “सगळे म्हणजे नेमकं कोण बघत होतं?” त्याला नाव सांगता येईना.

डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रयोगातून दाखवलं, की आपल्याशिवाय इतरही हजर आहेत असं वाटलं की माणूस मदतीला उशिरा धावतो, कधीकधी धावतच नाही. पाण्याकाठी हे फार महागात पडतं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. श्वास घ्यायलाच सवड नसते, हाक कुठून मारणार? म्हणजे तिची भीती निराधार नव्हती. सगळा पहारा ती एकटी देत होती, आणि वर तिलाच घाबरट ठरवलं जात होतं. (मुलं झोपल्यावरही दाराची कडी पुन्हापुन्हा तपासणं मात्र अवाजवी होतं. त्यावर आम्ही वेगळं काम केलं.)

मग पाळ्या ठरल्या. एका वेळी एकच मोठं माणूस, अर्धा तास. हातात फोन नाही, पुस्तक नाही, मद्य तर नाहीच. धाकटी पाण्यात असेल तर हाताच्या अंतरावर राहायचं. मापाचं लाइफ जॅकेट हवंच. हवा भरलेली ट्यूब म्हणजे खेळणं. पाळी सोपवताना तोंडाने म्हणायचं, “आता तू.” रेंज कुठे मिळते हे पोचल्या पोचल्या बघून ठेवायचं. तिच्यासाठी सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच होती: पाळी संपली की पाण्याकडे पाठ करून बसायचं.

पुढच्या सुट्टीनंतर दोघं आले तेव्हा तक्रार नवऱ्याची होती. अर्धा तास नुसतं बघत राहायचं म्हणजे डोकं उठतं, म्हणाला. पाळी वीस मिनिटांची करायची, असं त्या दोघांनी माझ्यासमोरच ठरवलं.